बोटावरचा ऑक्सिमीटर: आकडा नीट कसा घ्यायचा आणि कधी मानायचा

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा ऑक्सिमीटर आला, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. मेडिकलात मिळेल तो, सांगतील त्या भावाला. आता तो बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात पडलेला असतो आणि घरात कुणाला दम लागला की बाहेर निघतो. मग घाईघाईत सेल शोधायचे, गार पडलेल्या बोटाला चिमटा लावायचा, पहिला दिसेल तो आकडा मोठ्यानं वाचायचा आणि त्यावरून एकतर हादरून जायचं नाहीतर निर्धास्त व्हायचं. दोन्हींत माणसाचं नुकसान होऊ शकतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आपल्या भागात हे शिकून घ्यायची गरज जरा जास्तच आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्या बायका, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वाळूच्या धुळीत राबलेली माणसं, शहापूर-वडगावात मागावर बसलेले विणकर, खानापूरकडे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या आज्ज्या, यांतल्या अनेकांची फुप्फुसं उतारवयात थकलेली असतात. आणि दवाखाना सगळ्यांना जवळ नाही. टिळकवाडीत राहणाऱ्याला रिक्षानं थोड्या वेळात मोठं हॉस्पिटल गाठता येतं. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात, धो धो पावसाच्या रात्री, गाडी मिळण्यापासून सुरुवात असते. जिथून पोचायला वेळ लागतो, तिथं निघायचं कधी हे लवकर ठरवावं लागतं. घरातल्या ऑक्सिमीटरचा खरा उपयोग त्यासाठी आहे.

यंत्र नेमकं काय बघतं

रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिननं ऑक्सिजन धरून ठेवला आहे, एवढंच हे यंत्र सांगतं. चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात. एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० च्या आसपासचा. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं आणि लाल जाऊ देतं. ऑक्सिजन नसलेलं त्याच्या उलट वागतं. समोरच्या बाजूचा सेन्सर दोन्ही प्रकाश किती आरपार आले ते मोजतो.

पण बोटातली कातडी, हाड, नख, शिरांतलं रक्त हे सगळंच प्रकाश अडवतं. यातून वाट काढली ती जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी या इंजिनिअरनं, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. दर ठोक्याला धमनीत ताजं रक्त येतं तेव्हा प्रकाशात जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक मोजायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, ही त्यांची युक्ती. आजही बोटावरचा प्रत्येक ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो.

हे एकदा लक्षात आलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. बोटापर्यंत ठोका नीट पोचत नसेल तर यंत्राला मोजायला काही उरत नाही. बोट हललं तर ते हलण्यालाच ठोका समजतं. उन्हाचा झोत सेन्सरवर पडला तर बाहेरचा आणि आतला प्रकाश एकमेकांत मिसळतो. आणि हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनऐवजी दुसरंच काही बसलं असेल, तर यंत्र फसतं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे, तो भाग जरूर वाचा.

आकड्याच्या अचूकपणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. खोक्यावर ‘± २ टक्के’ असं छापलेलं असतं. याचा अर्थ प्रत्येक आकडा दोनच्या आत बरोबर असतो असा नाही. साधारण तीनांतली दोन मापं दोनच्या आत येतात, बाकीची त्याहून लांब जाऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये लोकांना सावध करताना हेच उदाहरण दिलं होतं: यंत्रावर ९० दिसत असेल तर रक्तातला खरा आकडा ८६ ते ९४ यांमध्ये कुठेही असू शकतो. म्हणून एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. काल ९७, सकाळी ९५, आता ९३, ही घसरण एकट्या ९३ पेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

यंत्र चांगलं आहे का

नवं घेताना खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच आणि एमआरपी छापलेली आहे का बघा आणि पक्कं बिल घ्या. पडद्यावर आकड्यांशिवाय ठोक्याबरोबर वरखाली होणारी पट्टी किंवा लाट दिसणारं यंत्रच घ्या. त्या लाटेशिवाय आकडा खरा की खोटा हे ओळखायला तुमच्या हातात काही राहत नाही. ‘पीआय’ म्हणजे बोटातल्या रक्तप्रवाहाचा जोर दाखवणारा आकडाही असेल तर उत्तम. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

कोविडच्या काळात पेन्सिलला चिमटा लावून बघायची पद्धत सगळीकडे फिरली होती. पेन्सिलवर स्थिर ९८ आणि शांत, एकसारखी लाट दाखवणारं यंत्र टाकून द्यावं हे बरोबरच. पण चांगलं यंत्रही कधीकधी एखाद्या वस्तूवर क्षणभर भरकटलेला आकडा दाखवतं, तेवढ्यावरून ते खोटं ठरवू नये. खरी परीक्षा सोपी आहे: घरातल्या दोन-तीन निरोगी माणसांना लावा. सगळ्यांचा ऑक्सिजन ९५ ते १०० मध्ये यायला हवा आणि प्रत्येकाच्या नाडीचा आकडा मनगटावर मोजलेल्या नाडीशी जुळायला हवा. जिना चढून आल्यावर नाडी वाढलेली दिसायला हवी.

मोबाईलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगणारी फुकटची ॲप्स आजारी माणसासाठी वापरू नका.

मोजण्याआधी

माणसाला पाच मिनिटं बसवा. शेतातून, जिन्यावरून, न्हाणीतून आल्या आल्या मोजू नका. पाठीला टेकू असू दे, पाय जमिनीवर, हात मांडीवर किंवा उशीवर छातीच्या उंचीला. खाली लोंबकळणारा हात नको. दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा बांधला असेल तर चालेल, त्याच हाताला नको; पट्टा फुगला की बोटाचं रक्त अडतं.

बोट धुऊन कोरडं करा. तंबाखूचा थर, ग्रीस, हळद निघाली पाहिजे. नेलपॉलिश पुसाच, गडद निळी, काळी, हिरवी सर्वांत जास्त घोळ करते. लग्नसराईत काळपट मेंदीनं बोटांची टोकं भरलेली असतात, तिनंही प्रकाश अडतो. अशा वेळी मेंदी नसलेलं बोट शोधा, हाताचं नसेल तर पायाचं. चिकटवलेली नखं काढा. घट्ट अंगठी असेल तर ते बोट सोडा. सुजलेलं, जखम झालेलं, कापलेलं बोटही नको.

उजव्या हाताचं मधलं बोट पहिली निवड. नाही जमलं तर तर्जनी. करंगळी बारीक, तिच्यात चिमटा सैल बसतो आणि बाजूनं उजेड शिरतो.

आणि ऊब. थंडीत येणाऱ्या बहुतेक खोट्या आकड्यांचं मूळ गार बोटांत असतं. जांबोटीच्या बाजूला जानेवारीतली एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. आज्जी अंगणात बसलेली, खोकला दोन दिवसांचा, नातू यंत्र घेऊन शेजारी.

“आज्जी, बोट हलवू नको गे.”

“हात गार पडल्यात रे, लागतंय कुठं ते?”

पडद्यावर ८४. मग ९१. मग नुसत्या दोन रेघा, मग परत ८६. नाडी १३२. इथं थांबून बघायचं. पट्टी जेमतेम उठते आहे, पीआय ०.३. आज्जी नीट बोलते आहे, ओठ-जीभ गुलाबी आहेत. मनगटावर तीन बोटं ठेवून अर्धा मिनिट मोजलं तर ३९ ठोके, म्हणजे मिनिटाला ७८. यंत्र १३२ म्हणतं, मनगट ७८ म्हणतं. ज्या यंत्राला नाडी सापडलेली नाही, त्याच्या ऑक्सिजनच्या आकड्याला काय अर्थ? आत नेऊन हात कोमट पाण्यात धरले, पुसून घोंगडीत गुंडाळले, तळवे चोळले. मग लावलं तर पट्टी एकसारखी नाचायला लागली, पीआय दोनच्या वर, नाडी ८०, ऑक्सिजन ९६ वर स्थिर. हा आकडा लिहून ठेवायचा. आधीचे लिहायचेच नाहीत.

एक मात्र सांगते. हीच आज्जी बोलताना धापा टाकत असती, ओठ निळसर असते, तर हात गरम करण्यात वेळ घालवायचा नव्हता. गाडीकडे धावायचं होतं.

मोजताना

चिमटा उघडा, बोट आत टेकेपर्यंत सरकवा. नख वर, म्हणजे पडद्याच्या बाजूला. दाबून धरायची किंवा वर रबर बांधायची गरज नाही. जास्त दाबानं बोटातलं रक्तच बाहेर ढकललं जातं. खिडकीतून ऊन येत असेल किंवा ट्यूबलाइट अगदी जवळ असेल तर हातावर टॉवेल टाका.

बोलू नका, खोकू नका, हात थरथरत असेल तर टेबलावर टेकवा. श्वास रोज घेतो तसाच. काही जण यंत्र लावलं की श्वास रोखून धरतात, काही मुद्दाम जोरजोरात घेतात. दोन्हींनी आकडा बदलतो, तोही जरा उशिरा, कारण फुप्फुसातून निघालेलं रक्त बोटापर्यंत यायला वेळ लागतो आणि यंत्र काही सेकंदांची सरासरी काढूनच दाखवतं.

पहिला आकडा धरू नका. किमान अर्धा मिनिट, जमल्यास पूर्ण मिनिट थांबा. पट्टी एकसारखी चालते आहे आणि आकडा पाच-दहा सेकंद जागेवर आहे, असं झालं की वाचा. मधेच दिसलेला सर्वांत मोठा आकडाही धरायचा नाही, सर्वांत लहानही नाही; जिथं तो स्थिरावला तो धरायचा.

वाचण्यातल्या दोन चुका फार होतात. पहिली, ऑक्सिजन आणि नाडी यांची अदलाबदल. पडद्यावर दोन आकडे असतात. टक्क्याच्या खुणेजवळ ‘एसपीओटू’ लिहिलेला तो ऑक्सिजन. ‘पीआर’ किंवा ‘बीपीएम’ लिहिलेली ती नाडी. ताप असलेल्या माणसाची नाडी ९८ असू शकते आणि ऑक्सिजन ८८. घरच्यांनी ९८ वाचला की सगळे खूश होतात, आणि माणूस आतून घसरत असतो. दुसरी चूक, उलटीकडून वाचणं. यंत्राचे आकडे काड्यांचे असतात. समोर बसून उलट बाजूनं बघितलं तर ९८ चा ८६ दिसतो आणि ८६ चा ९८. म्हणून वाचणाऱ्यानं आजारी माणसाच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून बसावं. बऱ्याच यंत्रांत बटण दाबलं की आकडे फिरतात, पण शेजारी बसणं जास्त खात्रीचं.

झालं की चिमटा काढा. रात्रभर लावून झोपायचं हे यंत्र नाही. त्याला बहुधा गजर नसतो, झोपेत ते सरकतं, आणि तासन्तास एका बोटावर राहिलं तर म्हाताऱ्या, नाजूक कातडीला इजा होते.

बरं असतानाचा आकडा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. घरातल्या दम्याच्या, हृदयविकाराच्या, विडी-तंबाखूच्या, फाउंड्रीत काम केलेल्या प्रत्येक माणसाचा आकडा तो बरा असताना मोजून ठेवा. चार-पाच दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, बसून, ऊबदार हातानं. त्यातून जो नेहमीचा आकडा येईल तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.

निरोगी माणसाचा साधारण ९५ ते १०० असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीनं आकड्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही, तेव्हा ‘आमच्याकडे हवा विरळ आहे’ म्हणून ९२ कडे दुर्लक्ष करू नका. मात्र जुन्या सीओपीडीच्या माणसाचा, म्हणजे विडीनं किंवा धुरानं फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या आखडलेल्या माणसाचा, बरा असतानाचा आकडाच ९० च्या आसपास असू शकतो. अशांपैकी अनेकांना डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य देतात. त्यांच्याबाबतीत शेजारणीच्या ९८ शी तुलना करून उपयोग नाही. त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापासून तीन-चारनं उतरला, तर ती बातमी आहे.

वहीत तारीख, वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप, आणि माणूस कसा दिसत होता ते एका शब्दात. आकडे इंग्रजीतच लिहा. पुढं तपासणारे डॉक्टर किंवा नर्स कन्नड असोत की मराठी, वही त्यांना एका नजरेत वाचता आली पाहिजे.

आकडा चांगला, माणूस वाईट

इथं मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कमी आकडा दिसला की लोक हलतात. चांगला दिसला की दम लागलेल्या माणसालाही घरी ठेवतात.

कार्बन मोनॉक्साइड हा पहिला धोका. अर्धवट जळण्यातून निघणारा हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला त्याच्यात आणि ऑक्सिजनात फरक कळत नाही. माणूस गुदमरतो आहे आणि यंत्र ९९ दाखवतं. आपल्या घरांत हे कुठं होतं ते बघा: बंद न्हाणीतला गॅस गीझर, आत पेटवलेला बंब, आणि बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून ठेवलेली कोळशाची शेगडी. बाळ-बाळंतिणीला ऊब हवीच, पण निखारे खोलीबाहेर ठेवा आणि खिडकी उघडी असू दे. न्हाणीत किंवा अशा खोलीत कुणाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी आली तर यंत्र लावत बसू नका. माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात ‘शेगडी होती’, ‘गीझर होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. सतत विडी ओढणाऱ्याच्या रक्तातही हा वायू थोडाफार असतोच, त्यामुळे त्याचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा चढा दिसतो.

दुसरं, रक्त कमी असणं. यंत्र टक्के सांगतं, साठा सांगत नाही. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईचा आकडा ९९ येऊ शकतो, कारण जेवढं हिमोग्लोबिन आहे तेवढं ऑक्सिजननं भरलेलं असतं. पण ते आहेच निम्मं. चढ चढताना धाप, छातीत धडधड, पांढऱ्या पडलेल्या पापण्या असतील तर ऑक्सिमीटर बाजूला ठेवून रक्त तपासा.

तिसरं, दम्याचा झटका. ऑक्सिजन शेवटपर्यंत बरा राहू शकतो, कारण माणूस सगळी ताकद लावून श्वास ओढत असतो. ताकद संपली की एकदम कोसळतो. हृदयविकाराचा झटका, साखर फार वाढून रक्तात होणारी आम्लता, अंगात पसरलेला जंतुसंसर्ग, यांतही सुरुवातीला आकडा चांगला असू शकतो.

चौथं, कातडीचा रंग. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की यंत्रावर ठीक आकडा असताना रक्तात ऑक्सिजन बराच कमी असण्याचा प्रकार गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होता. गडद कातडीवर यंत्र चढा आकडा दाखवण्याकडे झुकतं. आपल्यात सावळ्या-काळ्या रंगाची माणसं पुष्कळ आहेत. त्यांचा ९३ हा ९१ ही असू शकतो असं धरून चला. ओठांचा निळेपणाही गडद रंगावर चटकन दिसत नाही, म्हणून जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा.

शेवटचं, काही औषधं. कुष्ठरोगासाठी दिली जाणारी डॅप्सोन गोळी काही जणांत हिमोग्लोबिनचं रूप बदलते आणि मग ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास घुटमळत राहतो. गोळी चालू असताना असं दिसलं, तर मनानं बंद करू नका, पण त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

आकड्यावर काय करायचं

९५ किंवा त्याहून जास्त आणि माणूस ठीक: नेहमीसारखं राहा. आजारपणात दिवसातून तीन-चारदा पुरे. दर दहा मिनिटांनी मोजून आजारी माणसाला घाबरवू नका.

९३-९४: हात गरम करून, दुसऱ्या बोटावर, तासाभरात आणखी दोनदा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. कोविडसाठी केंद्राच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांत पुन्हा मोजायची हीच पद्धत होती, सल्ला मात्र जास्त कडक: तासात किमान तीन मापं ९३ किंवा त्याखाली आली तर ताबडतोब वैद्यकीय मदत.

९२ किंवा कमी, आणि हा त्या माणसाचा नेहमीचा आकडा नसेल: आता निघा. खानापूरच्या आतल्या गावांत, आणि संध्याकाळ जवळ आलेली असेल तर, मी ९३ ला निघायला सांगेन. रात्री अकराला ८८ झाल्यावर गाडी शोधण्यापेक्षा उजेडात दवाखान्यात पोचून ‘ठीक आहे, घरी जा’ ऐकणं कधीही बरं.

९० च्या खाली: १०८ ला फोन करून अँब्युलन्स बोलवा. नव्वदच्या खाली रक्तातला ऑक्सिजन उतरणीला लागलेला असतो. ९८ वरून ९४ यायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा ९० वरून ८० फार लवकर येतं.

आणि आकडा काहीही असो, यांपैकी काही दिसलं तर थांबायचं नाही: एक वाक्य एका श्वासात पुरं होत नाही, छातीत दाब किंवा कळ, ओठ-जीभ निळसर, माणूस गोंधळलेला किंवा जागा होत नाही असा, बसल्या जागी मिनिटाला पंचविसाच्या वर श्वास. श्वास मोजताना ‘मोजतोय’ असं सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. नाडी बघण्याचं निमित्त करून पूर्ण मिनिट छातीकडे बघा.

लहान मुलांसाठी श्वास मोजणं यंत्रापेक्षा जास्त कामाचं आहे. मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटाला बसत नाही आणि आकडा भरवशाचा येत नाही; त्यांचं यंत्र वेगळं असतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वासाबरोबर छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, दूध पीत नसेल, तर आशाताईला बोलवा किंवा सरळ दवाखाना गाठा.

घरी ऑक्सिजन चालू असेल तर

आकड्याशेजारी मशीनवरचे लिटर लिहिलेच पाहिजेत. २ लिटरवर ९४ आणि मोकळ्या हवेत ९४ यांत मोठा फरक आहे. डॉक्टरांनी सांगितलेले लिटर मनानं वाढवू नका. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्त ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस गुंगीत जातो, आणि ऑक्सिमीटरवर छान ९८ दिसत राहतो. त्या खोलीत विडी, उदबत्ती, समई, चूल काही नको. जळणारी वस्तू निदान दहा फूट लांब.

यंत्राची निगा

वापरल्यावर सेल काढून आतला रबरी भाग स्पिरिटच्या बोळ्यानं किंवा दवाखान्यातल्या अल्कोहोल स्वॅबनं पुसा, कोरडा होऊ द्या. पाण्यात बुडवू नका, ब्लीच किंवा स्प्रे मारू नका. महिनोन्महिने वापरणार नसाल तर सेल बाहेर ठेवा, गळून आतले पत्रे खातात. पडदा फिका दिसला की दोन्ही सेल एकदम बदला, आणि एक जोडी यंत्राबरोबर ठेवा.

निघताना

१०८ ला फोन केल्यावर आधी राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव सांगा. सीमेवरच्या गावांत मोबाईल कधी शेजारच्या राज्याचा टॉवर धरतो आणि एकाच नावाची गावं दोन्हीकडे सापडतात. मग वय, त्रास कधीपासून, ऑक्सिजन किती, नाडी किती, आणि नेहमीचा आकडा किती. गाडी येईपर्यंत माणसाला बसतं ठेवा, पाठीमागे उशा द्या, पुढं झुकून हात टेकवून बसायला बरं वाटत असेल तसं बसू द्या. डॉक्टरांनी दिलेला पंप असेल तर द्या. भोवती गर्दी नको.

वही, औषधांची पिशवी आणि ऑक्सिमीटर बरोबर घ्या. बेळगावला जा, नाहीतर निपाणीकडून कोल्हापूरला. तिथं त्यांच्या यंत्रावर मोजतील तेव्हा तुमचंही यंत्र दुसऱ्या हाताच्या बोटाला लावून बघा. ‘आमच्यावर तर ९५ होतं’ म्हणून वाद घालायला नव्हे, तर तुमचं यंत्र चढं दाखवतं की उतरतं ते कळायला. फरक दिसला तर नर्सला विचारून वहीच्या पहिल्या पानावर, नेहमीच्या आकड्याखाली लिहून ठेवा: आपलं यंत्र दोननं जास्त दाखवतं.